ऐंशीचा पव्वा शंभराला: एका देशी दुकानाचं प्रकरण

प्रकरण मागच्या कापसाच्या सीझनचं आहे, गाव आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातलं, वर्धा नदीच्या अलीकडचं. गावाचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही, कारण ज्या बाईनं हे सगळं सुरू केलं ती आजही त्याच दुकानासमोरून रोज वावरात जाते. माझं रोडवर ऑनलाइन सेंटर आहे, सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचे दाखले वगैरे, आणि लोक फॉर्म भरायला येतात तेव्हा बाकीचं गाऱ्हाणंही सांगतात, ते ऐकायची मला सवय झाली आहे.

ती आली होती लाडक्या बहिणीची केवायसी करायला. ओटीपी येत नव्हता, रेंजच नव्हती, म्हणून बाकड्यावर बसून राह्यली आणि मग पिशवीतून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला देशीचा रिकामा पव्वा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं नवऱ्याची तक्रार असंल, पोलीस पाटलाकडे जा म्हणणार होतो. तं ती म्हणते, "भाऊ, यावर किती रुपये लिहून हायेत ते वाचून दे ना. माह्या पोरीले वाचता येते पन तिले हे कसं दाखवू म्या."

बाटलीच्या मागच्या बाजूला शिक्का होता, ओला होऊन अर्धा पुसलेला. मोबाइलचा टॉर्च मारून, बाटली तिरपी धरून वाचलं. 180 मिली, बॅच नंबर, महिना, आणि किंमत 80 रुपये, सर्व करांसह. ती गप बसली थोडा वेळ. मग पोरीच्या गणिताच्या वहीचं शेवटचं पान दाखवलं. त्यावर तिनं रेघा मारल्या होत्या, अक्षर येत नाही म्हणून एका पव्व्याला एक उभी रेघ, आणि जिथं शंभर गेले तिथं रेघेवर टिंब. जवळपास सगळ्याच रेघांवर टिंब होतं.

"पेते तं पेते, म्या थांबवू नाई शकली. पन वीस रुपये जास्तीचे कायचे? वीस रुपये म्हनजे दोन किलो कापूस हाय भाऊ."

तिला वेचणी दहा रुपये किलोनं होती. नवरा दिवसाला दोन पव्वे पितो, म्हणजे चाळीस रुपये रोजचे नुसते वरचे, महिन्याचे बाराशे. सरकार तिला देते पंधराशे. हा हिशोब मी तिच्यासमोर कॅल्क्युलेटरवर केला आणि आकडा पाहून मलाच कसंतरी झालं, कारण मी त्या दुकानासमोरून हजार वेळा गेलो असेन आणि मला कधी वाटलंच नाही की इथं काही तपासायचं आहे.

आता भाव ठरतो कसा ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. आपल्याकडे दारूची दुकानं खाजगी लोकांची असतात पण परवाना सरकारचा, राज्य उत्पादन शुल्क खात्याचा. देशीच्या दुकानाचा सीएल-3, विदेशीच्या वाइन शॉपचा एफएल-2, परमिट रूमचा म्हणजे बारचा एफएल-3. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळानं शुल्क वाढवलं, देशीवर प्रूफ लिटरमागे (दारूतल्या अल्कोहोलवरून मोजायचं माप) 180 चे 205 रुपये केले आणि 180 मिलीची कमीत कमी किरकोळ किंमतही ठरवून दिली, देशी 80, महाराष्ट्रात बनलेली धान्याची जी नवीन कॅटेगरी काढली तिची 148, आणि भारतात बनलेल्या विदेशीची 205. मग कंपनी बाटलीवर जी किंमत छापते त्याच्यावर दुकानदारानं एक रुपया घ्यायचा नाही, तो नियम दारूपुरता नाही, बिस्किटाच्या पुड्यालाही तोच, वैधमापनशास्त्राचा म्हणजे वजनमापाचा, 2009 चा कायदा आणि 2011 चे पॅकबंद वस्तूंचे नियम. म्हणजे जास्तीचे कायचे असं विचारलं की दुकानवाला जे सांगत होता "सरकारनं रेट वाढवले" ते खरं होतं, फक्त ती वाढ त्या ऐंशीमध्ये आधीच आलेली होती, आणि तो तीच वाढ लोकांकडून दुसऱ्यांदा घेत होता.

दुसरं कारण सांगत होता परवान्याचं. हे ऐकून मी थोडा अडलो कारण हे अर्धं खरं आहे. महाराष्ट्रात दारू प्यायला माणसाकडे परवाना लागतो, 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळं, लोकांना हे माहीतच नसतं. एका दिवसाचा परवाना देशीसाठी 2 रुपये, विदेशीसाठी 5 रुपये, वर्षाचा 100 आणि आयुष्यभराचा 1000. म्हणजे 80 अन् 2, ब्याऐंशी झाले, शंभर कुठून आले? आणि दोन रुपये घेतले तर परवान्याचा कागद हातात द्यावा लागतो, तो त्या गावात कोणी आयुष्यात पाह्यला नव्हता.

मी पहिल्यांदा काय चूक केली तर स्वतः गेलो तपासायला. पॅन्ट-शर्ट, गाडी, खिशाला पेन. काउंटरवरच्या पोऱ्यानं मला पाह्यलं आणि म्हणला, "ऐंशी द्या दादा." सुटे वीससुद्धा परत दिले, हसून. मी घरी आलो आणि मला वाटलं की बाई काहीतरी चुकली असंल, तिचा नवराच वीस रुपये खाऊन टाकत असंल. ही शंका माझ्या मनात आली याची मला आजही लाज वाटते, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या सेंटरमागं राहणारा एक हमाल त्याच वेळेला त्याच काउंटरवर गेला, बनियन आणि डोक्याला दुपट्टा, आणि त्याच्याकडून शंभर घेतले. तिथं भाव माणूस पाहून लागत होता.

मग पद्धतशीर केलं. चार जण घेतले, चौघंही रोज पिणारे आणि चाळिशीच्या पुढचे, कारण देशी आणि कडक दारूला वय 25 लागतं, बियर आणि वाइनला 21, आणि आपणच पोट्ट्यांना पाठवून नियम मोडायचा हे मला नको होतं. नऊ दिवस. प्रत्येकानं स्वतःच्या पैशानं, जेवढं तसंही पिणार होते तेवढंच घ्यायचं, जास्त नाही. फक्त बाटली रिकामी झाली की फेकायची नाही, माझ्याकडे आणून द्यायची, आणि किती वाजता घेतली, किती दिले ते सांगायचं. मी चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावत होतो. सेंटरमधी एका खोक्यात त्या बाटल्या साचत गेल्या, माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही त्या वासापायी.

नऊ दिवसात जे दिसलं ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. सकाळी आठ-नऊला जे कामावर जाताना घेतात त्यांना नव्वद. संध्याकाळी शंभर. आणि बाजाराच्या दिवशी, ज्या दिवशी आठवड्याची मजुरी हातात येते, त्या दिवशी एकशे दहा. लेबल तेच. ज्या दिवशी मजुराच्या खिशात पैसा त्या दिवशी भाव वर, आणि मजूर भांडत नाही कारण मागं रांग आहे, हात थरथरत आहे, आणि आपण दारू घेतो आहे हे चार लोकांनी पाहू नये असं त्याला वाटत असते. या धंद्यातली सगळी जास्तीची कमाई त्या शरमेवर चालते, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. किराणा दुकानात तेलाच्या पाकिटावर पाच रुपये जास्त घेतले तर हाच माणूस दुकान डोक्यावर घेते, इथं तो खाली मान घालून निघून जाते.

दुसरं दुकान काऊन नाही, असं कोणी विचारंल. आपल्या राज्यात नवीन परवाने देणं पन्नासेक वर्षांपासून जवळपास बंदच आहे, जुनेच परवाने इकडून तिकडं जातात. आमच्या इथं त्या दुकानानंतरचं दुसरं सतरा किलोमीटरवर, जायला-यायला एसटीचं भाडं वीसच्या वर. म्हणजे तो वीस रुपये का घेते हे गणित त्यालाही पक्कं माहीत होतं.

आता माल मिळण्या-न मिळण्याची गोष्ट, आणि माझ्या मते प्रकरण खरं इथं उघडं पडलं. चौघांपैकी एक जण तीन वेळा रात्री साडेआठला गेला आणि तिन्ही वेळा पोऱ्या म्हणला माल संपला. दुकान उघडं, लाइट चालू, पण पव्वा नाही. मग तो गावातल्या ज्या घरी चिल्लर विकतात, म्हणजे बिनपरवान्याची, तिथं गेला आणि एकशे वीसला घेऊन आला. मी त्या बाटलीचा शिक्का पाह्यला आणि खोक्यातल्या बाटल्या काढून एकेक लावत बसलो. तोच बॅच नंबर, तोच महिना. दुकानात दुपारी चारला मिळालेली आणि रात्री नऊला चिल्लरवाल्याकडं मिळालेली, दोन्ही एकाच बॅचच्या. तीन वेळा तसंच.

नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा. गांधीजींचा जिल्हा म्हणून तिथं 1974 पासून दारूबंदी आहे, म्हणजे तिथं एकही परवान्याचं दुकान नाही आणि जी बाटली मिळते ती बाहेरूनच आलेली असते. माझा मावसभाऊ तिकडं राहते, त्याला म्हणलं बस स्टॉपच्या मागं रिकाम्या पडलेल्या असतात त्यांचे शिक्के फोटो काढून पाठव. त्यानं सात फोटो पाठवले. दोन आमच्या बॅचच्या. तिथं भाव दीडशे सांगितला त्यानं. चंद्रपूरला 2015 पासून 2021 पर्यंत बंदी होती तेव्हा वणीकडच्या लोकांनी हेच पाह्यलं होतं, सीमेवरच्या दुकानात समोरच्या खिडकीतून गिऱ्हाइकाला "नाही" आणि मागच्या दारातून पेट्या.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. बॅच जुळली म्हणजे त्याच दुकानातून गेली असं सिद्ध होत नाही. एका बॅचमधी हजारो बाटल्या असतात आणि त्या आजूबाजूच्या कितीतरी दुकानात जातात. पण कोणती बॅच कोणत्या दुकानाला कधी दिली हे खात्याला वाहतूक पासवरून आणि दुकानाच्या साठा रजिस्टरवरून शोधता येते, आपल्याला नाही येत. आपण फक्त नंबर आणि वेळ देऊ शकतो. म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो, नुसत्या किमतीचा फोटो काढू नका, बॅच आणि महिना त्याच फोटोत आला पाहिजे.

पैशाचा पुरावा मात्र अडला होता. बिल तर कोणाला मिळतच नाही, रोख घेते तो. एका संध्याकाळी एकाजवळ सुटे नव्हते, पोऱ्याजवळही नव्हते, मग पोऱ्यानं खिशातून स्वतःचा क्यूआर काढला, दुकानाचा नाही, आणि त्यावर शंभर टाकायला लावले. स्क्रीनवर तारीख, वेळ, शंभर रुपये. ती बाटली आणि तो स्क्रीनशॉट, आमच्याकडे एवढा एकच पक्का पुरावा होता, बाकी सगळं तोंडी.

तक्रार आधी राज्य उत्पादन शुल्कच्या टोल फ्रीवर केली, 1800-233-9999. तिकडच्या बाईनं नीट ऐकून घेतलं आणि दुकानाचा अनुज्ञप्ती क्रमांक, म्हणजे परवान्याचा नंबर, विचारला, तो बोर्डावर असतो, मी लिहून घेतलेलाच होता. मग लेखी अर्ज, फोटोसकट, जिल्ह्याच्या कार्यालयात. वैधमापनच्या निरीक्षकाकडे वेगळा अर्ज दिला. आमच्याकडून एक चूक झाली होती, एक बाटली बियरची होती आणि ती चौघांपैकी एकानं बारमधी बसून घेतली होती, तीही मी यादीत टाकली. ती वगळली गेली, बरोबरच वगळली. बारमधी बसून प्यायचं तर ते जागेचे, सेवेचे पैसे लावतात, हॉटेलवाल्यांच्या केसमधी सुप्रीम कोर्टानं 2017 ला म्हणलंच आहे की तिथं छापील किमतीचा नियम तसा लागत नाही. दुकानातून पार्सल घेतलं तर लागतो, "थंडी करून दिली" म्हणून दहा रुपये घेणंही दुकानात चालत नाही. हा फरक न समजल्यामुळं चांगल्या तक्रारी पडतात.

पहिले बारा दिवस काहीच झालं नाही. उलट दुकानाच्या मालकाचा माणूस माझ्या सेंटरवर येऊन बसला, चहा घेतला, म्हणला, "भाऊ, तुमचा धंदा वेगळा, आमचा वेगळा. तुम्हाले कायले पाहिजे हे?" धमकी नव्हती, पण त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं की काही दिवस पोरांना रोडनं एकटं सोडू नको.

त्याच आठवड्यात गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष ताई आल्या, आणि त्यांचं बोलणं मला त्या माणसापेक्षा जास्त लागलं. "तू दारू सस्ती करून राह्यला काय रे भाऊ? शंभरची ऐंशीत भेटली तं आमचे मानसं दोनच्या जागी तीन पेतीन. आमी बाटली आडवी करा म्हनतो अन् तू रेट कमी करा म्हनतो." मी उत्तर देऊ शकलो नाही लगेच. त्यांचं म्हणणं खोटं नाही. महाग झाली की काही लोक कमी पितात हे खरंच आहे, सरकारही किमान किंमत ठरवते त्यात हे एक कारण असते. पण मी दोन दिवस विचार केला आणि त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की ताई, ते वरचे वीस रुपये सरकारलाही जात नाहीत, दवाखान्याला जात नाहीत, ते जातात त्याच मालकाला जो रात्री मागच्या दारानं पेट्या काढते, आणि तुमच्या गल्लीतला जो चिल्लरवाला आहे तो त्याच पेट्यांवर जगते. पिणारा तुमच्या घरचा आहे, लुटला जातो तो तुमच्या घरचा पैसा. दर वाढवायचा असंल तर सरकारनं वाढवावा आणि छापावा. आणि तुम्हाला दुकान बंदच पाहिजे असंल तर त्याचा रस्ता वेगळा आहे, तोही मी तुमच्यासोबत चालतो.

तो रस्ताही सांगतो. गावातल्या 25 टक्के बाया मतदारांनी सह्या करून मागणी केली, सह्यांची तपासणी झाली की मतदान लागते, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली, आणि एकूण बाया मतदारांपैकी निम्म्यापेक्षा जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. निम्म्या म्हणजे मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नाही, यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्या, इथंच बरेच गावं हारतात, कारण कापसाच्या दिवसात अर्ध्या बाया वावरात आणि काही माहेरी असतात.

एकोणिसाव्या दिवशी धाड आली. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं, कळवायलाही नको. बाजाराचा दिवस निवडला होता त्यांनी, माझ्या अर्जात ते लिहिलं होतं, ते वाचलं असंल असं समजतो. अनोळखी माणूस मजुराच्या कपड्यात पाठवला, दोन पंच बाजूला पानटपरीवर उभे. पोऱ्यानं त्याच्याकडून एकशे दहा घेतले आणि पंचांसमोर ती नोट गल्ल्यात पकडली गेली. मग रजिस्टर मागवलं. दिवसाच्या विक्रीचा रकाना तीन दिवस भरलेलाच नव्हता आणि गोदामातल्या पेट्या कागदावरच्या पेट्यांशी जुळत नव्हत्या. त्यांच्या भाषेत विसंगतीचं प्रकरण झालं. दरफलक लावायला लावला, तो आता खिडकीच्या वर आहे, पांढऱ्यावर निळ्या अक्षरात. चिल्लरवाल्याच्या घरी त्याच रात्री गेले, अकरा पव्वे सापडले, दारूबंदी कायद्याचं कलम 65 ई लागलं.

माझा साळा राजनांदगावकडं असते, छत्तीसगडमधी, तिथं 2017 पासून दुकानं सरकारच चालवते, त्यानं मला मोबाइलवर तिथल्या खात्याचं मनपसंद नावाचं ॲप दाखवलं होतं, कोणत्या दुकानात काय आहे आणि किती रुपयाला ते त्यात दिसते. मध्य प्रदेशात बाटलीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही किमती छापतात. आपल्याकडे निदान दर आणि साठा दिसणारी एखादी साधी गोष्ट व्हायला पाहिजे, नाहीतर मजुरानं शिक्का वाचायचा कसा, तोही ओल्या बाटलीवरचा, रात्रीच्या अंधारात.

आता दुकानात पव्वा ऐंशीलाच भेटते, बाजाराच्या दिवशीही. बिल मागितलं तर देतात, न मागता नाही. परवान्याचा कागद अजून कोणाला मिळालेला नाही. नदीपलीकडचा भाव मावसभावानं विचारून सांगितला, दीडशेचा एकशे सत्तर झाला, म्हणजे माल अजून जातो आहे, फक्त दुसऱ्या वाटेनं. नदीपलीकडं जाणाऱ्या मालाच्या तक्रारीला उत्तर आलं नाही, मी दर पंधरा दिवसांनी विचारतो. ताईंच्या सह्या दोनशे चौदा झाल्या, त्यांना दोनशे साठ पाहिजेत.

ती बाई परवा आली होती, पोरीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन. वही सोबत होती. रेघा तेवढ्याच होत्या, दिवसाला दोन, टिंब कुठंच नव्हतं. म्हणाली, "भाऊ, सह्यात माही पन सही घेतली ताईनं. अंगठा नाई, सही. पोरीनं शिकवली."